लघवीबद्दल कोणी विचारतच नाही

हा मागच्या भागाचा मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडा साफसूफ केलाय, बाकी बोललो तसंच आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, पुण्यात कोड लिहितो. पण गाव मूल तालुक्यातलं, चंद्रपूर जिल्हा. तिथला मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पारा ४५ च्या वर, आणि त्याच दिवसांत तेंदूपत्त्याची तोडाई. बायका पहाटे जंगलात जातात आणि ऊन चढल्यावर परततात. घामाने अंगातलं पाणी जातं, लघवी घट्ट होते, त्यातले क्षार साचतात आणि मुतखडा होतो. कारण एवढं साधं आहे.

माझ्या आईला कमरेच्या बाजूला कळ यायची, तिथून खाली जांघेपर्यंत. लघवीला आग व्हायची. तिने तीन दिवस सांगितलंच नाही. फोनवर एकच, "काही नाही होत रे बाबू, उन्हाचं आहे." एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. चंद्रपूरला नेलं, सोनोग्राफी झाली. खडा मूत्रनलिकेत अडकलेला, वर किडनी सुजलेली, आणि अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग. त्याच रात्री नळी टाकून वाट मोकळी केली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर विष रक्तात पसरलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: मुतखड्याची कळ आणि सोबत थंडी-ताप, किंवा लघवीच बंद, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. कळ असताना तांब्यावर तांबे पाणी पाजून खडा ढकलला जात नाही, उलट्या मात्र वाढतात.

आता खरी गोष्ट. वॉर्डातल्या सिस्टरने दुसऱ्या दिवशी आईजवळ बसून विचारलं, "मावशी, दिवसातून किती वेळा जाता? आणि जंगलात असताना?" आई गप्प. मग हळूच म्हणाली, "तिथं कुठं जाणार? म्हणून पाणीच नाही पीत." अठ्ठावीस वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास मुतखड्याचा नव्हता. पण अंगावर काढायची सवय तीच.

सिस्टरने मला शिकवलं ते जसंच्या तसं देतो.

- किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली, दोन्ही वहीत लिहायचं. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, रंग फिका. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.
- लघवी गाळणीतून गाळायची. खडा सापडला तर फेकू नका, तपासायला द्या.
- तपासणीची लघवी अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली घ्यायची.
- आग थांबली म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत.
- कॅथेटरची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीवर नाही. हात लावायच्या आधी साबणाने धुवायचे.
- मीठ कमी. दूध मात्र बंद करायचं नाही. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं.
- गरोदर बाईला लघवीची आग झाली तर घरी थांबायचं नाही.

मी ऑफिसात सर्व्हरचे लॉग दिवसभर बघतो. सिस्टरची ती वही बघून लाजच वाटली, आईची अशी एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

आता आई पाण्याची बाटली नेते. चार जणी मिळून जातात, एक राखण करते, बाकीच्या आडोशाला. उपाय इतका छोटा. ते लाजेचं ओझं मात्र एकटीने उचललं जात नाही.

ऐकणाऱ्या मुलांनो, आज घरी फोन केलात की "जेवलीस का?" नंतर अजून एक विचारा. पहिल्यांदा ती चिडेल. तरी विचारा.

भेटूया पुढच्या भागात.