गाणं अर्ध्यावर तोडणारा चित्रपट



  फिल्म सोसायट्यांच्या संमेलनात स्वागताध्यक्षानं गावच्या नदीपासून नाट्यगृहापर्यंतचा इतिहास सांगावा, अशी प्रथा आहे. ती आज मोडतो. ‘उद्घाटनाला हाच चित्रपट कशाला?’ असं स्वागत समितीतच विचारलं गेलं, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं.

चित्रपट अमेरिकन लोकगायक बॉब डिलनचा, ‘ईट द डॉक्युमेंट’. डिलननं १९६६ साली जो जागतिक दौरा केला, त्याच्या युरोपातल्या टप्प्याचं हे चित्रण. तेव्हा डिलन पूर्वार्धात एकटा, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायचा. उत्तरार्धात ‘द हॉक्स’ हा वाद्यवृंद विजेच्या गिटारी घेऊन साथीला यायचा. लोकगीतांच्या चाहत्यांना ही फितुरी वाटली. १७ मे १९६६ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एकानं भर कार्यक्रमात त्याला ‘जूडास’, म्हणजे विश्वासघातकी, म्हणून हाक मारली. ‘वन्स मोअर’वर वाढलेल्या आपल्या गायकांसमोर असा श्रोता बसला असता, तर काय झालं असतं कोण जाणे!

कॅमेरा डी. ए. पेनिबेकरचा. डिलनच्या १९६५च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यानं ‘डोंट लुक बॅक’ हा कृष्णधवल चित्रपट केला होता. या वेळी चित्रीकरण रंगीत होतं आणि चित्रपट हवा होता अमेरिकेतल्या एबीसी दूरचित्रवाणीला. जुलैमध्ये डिलनला मोटारसायकलचा अपघात झाला. त्यातून सावरताना त्यानं पेनिबेकरचं संकलन पाहिलं. हे तर मागच्याच चित्रपटासारखं झालं, असं त्याला वाटलं, आणि संकलक हॉवर्ड आल्कला सोबत घेऊन तो स्वतःच कापाकापीला बसला.

आजच्या प्रयोगाचं मर्म या कापाकापीत आहे. गाणं रंगात येतं आणि कात्री लागते. मध्येच रेल्वेचा डबा, हॉटेलची खोली, सभागृहाबाहेर तावातावानं तक्रार करणारी तरुण मुलं, मग पुन्हा गाण्याचा तुकडा. गायक जॉनी कॅश आणि डिलन पियानोजवळ एकत्र गातात. तेवढ्यानं कान सुखावतात न सुखावतात तोच आपण दुसरीकडे फेकले जातो. विलंबितापासून द्रुतापर्यंत ख्याल ऐकायची सवय असलेल्या आपल्याला हा छळ वाटेल. मला अजूनही वाटतो. काही तुकडे निव्वळ लहरीपोटी जोडलेत, असंही माझं मत आहे. पण दौऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला अखंड मैफल येतच नाही; प्रवास, जाग्रण, तेच ते प्रश्न आणि शिव्याशाप यांमधून जेमतेम गाणं उरतं. ते श्रोत्याच्या खुर्चीतून नव्हे, गाणाऱ्याच्या शिणलेल्या डोक्यातून दाखवायचं डिलननं ठरवलं. मैफलीच्या चित्रपटांत असं धाडस मी फारसं पाहिलेलं नाही.

एबीसीनं अर्थातच तो नाकारला. पुढं १९७० नंतर न्यूयॉर्कमध्ये मोजके खेळ झाले, बाकी सगळा प्रवास चोरट्या प्रतींचा. यातलं बरंच चित्रण मार्टिन स्कोर्सेसीच्या २००५ सालच्या ‘नो डायरेक्शन होम’मध्ये नीट लावून, अर्थ सांगत येतं. तो चित्रपट उत्तम आहे, सहज मिळतो, म्हणूनच आज तो दाखवत नाही. जे घरबसल्या मिळतं, त्यासाठी आपल्याला एवढ्या लांब बोलवायचं कशाला?

परवानगीसाठी ज्या तरुण कार्यकर्त्यांनी पत्रव्यवहाराचा पिच्छा पुरवला, त्यांचे आभार मानतो. चित्रपट तासाभराच्या आतला आहे, मध्यंतर नाही. मराठी उपशीर्षकं मुद्दामच दिलेली नाहीत. निम्मं बोलणं मूळ भाषेतही धड ऐकू येत नाही. नंतर खुली चर्चा आहे आणि तीत चित्रपटाला नावं ठेवणाऱ्यांना आधी बोलू द्यावं, अशी अध्यक्षांना विनंती करतो. जेवण चर्चेनंतरच. आचाऱ्यांना तसं सांगून ठेवलंय.