नोंदवहीतलं इमान

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, तिचा लेखक या शहरात जन्मला. बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगाव. लंडन मिशनरी सोसायटीने इथलं काम १८२० मध्ये सुरू केलं होतं. त्या मिशनच्या शाळेत हा मुलगा शिकला, पुढे मुंबईला गेला, आणि १८५४ मध्ये याच बेळगावात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या काळात या निर्णयाची किंमत काय होती, हे त्यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र वाचलं की कळतं. ते तुमच्या अभ्यासक्रमात होतं की नाही मला माहीत नाही. नसेल तर या सुट्टीत वाचा.

बाबांची गोष्ट आपण सांगतो तेव्हा बाप्तिस्म्यापाशी थांबतो. घर सुटलं, जात सुटली, प्रभू मिळाला. इथे मंडळीत टाळ्या पडतात आणि प्रवचन संपतं. पण हिशेब करून पाहा. बाबा वारले १९०६ मध्ये. बाप्तिस्म्याचा दिवस एक आणि त्यानंतरची वर्षं बावन्न. या बावन्न वर्षांत त्यांनी काय केलं? १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' ही ती पहिली कादंबरी लिहिली आणि तीत विधवांच्या रोजच्या जगण्यातला छळ प्रसंगाप्रसंगाने मांडला. १८६० मध्ये 'शब्दरत्नावली' हा कोश काढला. १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. नियतकालिकं संपादली, पत्रिका लिहिल्या, दुसऱ्यांची पुस्तकं तपासली.

कोशाचं काम कसं चालतं याचा जरा विचार करा. एक शब्द घ्यायचा. तो राखायचा की गाळायचा हे ठरवायचं. राखला तर त्याच्या अर्थांपैकी कोणते ठेवायचे ते पाहायचं, लिंग तपासायचं, मग पुढचा शब्द. 'क' संपला की 'ख'. या कामात देवदूत दिसत नाहीत, कोणी साक्ष द्यायला बोलावत नाही. अर्थ चुकला तर शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी चुकीचा अर्थ शिकतो, आणि बरोबर असला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रभूसाठी घर सोडणाऱ्या माणसाने आयुष्यभर हे केलं. माझ्या मते त्यांची खरी साक्ष या बावन्न वर्षांत आहे, आणि तुमचीही अशाच वर्षांत होणार आहे.

आता तुमच्या कामाकडे येतो. तुमच्यापैकी बरेच जण येत्या काही महिन्यांत कुठल्या ना कुठल्या मंडळीत पाळक म्हणून रुजू व्हाल. तुम्हाला एक कपाट मिळेल. त्यात प्रभुभोजनाची भांडी, 'उपासना संगीत'ची जुनी गीतपुस्तकं, गेल्या नाताळातल्या नाटकाचे कपडे, आणि तळाशी तीन रजिस्टरं असतील: बाप्तिस्मा, विवाह, दफन. कोणी त्यांची ओळख करून देणार नाही.

मग एका सकाळी एक बाई येईल. साठी उलटलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून ती एकेक कागद टेबलावर मांडेल: रेशन कार्ड, आधार कार्ड, शाळेचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक. रेशन कार्डावर नाव कानडीत, आधारवर इंग्रजीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, आणि तिन्ही ठिकाणी ते वेगळं. एका कागदावर मार्था, दुसऱ्यावर मारता, तिसऱ्यावर माहेरचंच नाव. नाडकचेरीतून तिचा पेन्शनचा अर्ज परत आलेला असतो. ती म्हणेल, "पाळकसाहेब, माझं लग्न आपल्याच देवळात झालं, तिथं लिहिलेलं असंल बघा."

तुम्ही रजिस्टर काढाल. लग्नाची तारीख असेल, नवऱ्याचं नाव असेल. वधूच्या वयाचा रकाना कोरा. वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं आडनाव. एका साक्षीदाराची सही, दुसऱ्याची जागा रिकामी. त्या दिवशी पाळकसाहेबांना जेवणावळीची घाई झाली असेल, 'नंतर भरू' म्हणाले असतील. ते बिचारे आता प्रभूकडे गेले आणि रकाना तसाच राहिला. ही बाई पुढची दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवणार ती त्या एका रकान्यासाठी.

हा कारकुनी विषय आहे असं कोणी तुम्हाला सांगेल, तर ऐकू नका. तुम्ही वधस्तंभावर सुंदर प्रवचन कराल, लोक रडतीलही. पण त्या बाईला तिच्या मंडळीने काय दिलं हे ठरवणारा तो रकाना आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने पाळकाच्या लेखणीवर मोठा भरवसा टाकला आहे. विशेष परवाना नसेल तर विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावायचा, किमान दोन साक्षीदार हवेत, नोंद तिथल्या तिथे व्हायची. हे मोडणाऱ्यासाठी शिक्षेची तरतूद आहे. वरात निपाणीच्या रस्त्यात अडकेल, घड्याळात सव्वासात होतील, मुलीचे काका म्हणतील, "पाळकसाहेब, वेळ पावणेसात लिहून टाका, कोण बघतंय?" पावणेसात लिहून टाकणं अगदी सोपं आहे, आणि लिहिणारा हात तोच असतो जो थोड्याच वेळात वधूवरांच्या डोक्यावर आशीर्वादाला उचलला जाणार असतो. त्या क्षणी सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्ही नाही म्हणालात आणि लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लावलंत, तर शिव्या खाल. खा.

पैशांचंही तसंच. निपाणी भागात तुमच्या मंडळीत बिडी वळणाऱ्या बायका असतील. त्यांची मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. दिवसभर मांडी घालून, पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून त्या हजारावर येतात. मग माल बघणारा त्यातून मूठभर बाजूला काढतो आणि म्हणतो, छाट. पान फाटकं, भरणी सैल. छाट कधी खरी असते, कधी नसते. ती मूठ रोज निघाली तर महिन्याअखेर किती मजुरी गेली याचा हिशेब त्या बाईला तोंडपाठ असतो. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांत सांगितलं आहे ते अशाच मुठींसाठी.

अशी बाई रविवारी लुगड्याच्या गाठीतून नाणी काढून अर्पणाच्या थैलीत टाकते. मार्काच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातली, भंडारात शेवटची नाणी टाकणारी विधवा तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलीत. ही तीच आहे, आणि भंडारापाशी आता तुम्ही बसणार आहात. म्हणून उपासना सुटल्यावर ती थैली कोणाच्याही खिशात, कोणाच्याही स्कूटरच्या डिकीत जाता कामा नये. दोन माणसांनी मंडळीसमोर पैसे मोजावेत, आकडा वहीत लिहावा, दोघांनी सही करावी. पाळकाने त्यातून 'तूर्त' म्हणून शंभर रुपयेही उचलू नयेत, घरचं सिलिंडर संपलेलं असलं तरी. आपल्या समाजात मंडळ्या फुटल्या, कोर्टात गेल्या, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. तत्त्वज्ञानावरून झालेली भांडणं त्यांत थोडी आहेत. न लिहिलेल्या पावत्यांवरून झालेली फार.

प्रभू येशूकडे पाहा. याइराची मेलेली मुलगी उठली तेव्हा घरातले लोक थक्क होऊन उभे होते आणि तो म्हणाला, हिला काही खायला द्या. बारा वर्षांची पोर, मरणातून उठलेली, तिला भूक लागली असणार हे त्या गदारोळात एकट्याच्या लक्षात आलं. पाच हजारांना जेवू घातल्यावर त्याने उरलेले तुकडे वेचायला लावले. ज्याला भाकरी अशी वाढवता येते त्याला तुकड्यांची काय गरज? तरी बारा टोपल्या भरल्या. मला हा भाग चमत्काराइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या वार्षिक सभांच्या जेवणानंतर पत्रावळींत पडलेला भात पाहिला की तो हटकून आठवतो.

इथे एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. बारकाव्यांची आवड लागलेला माणूस निर्दय होऊ शकतो. शास्त्री-परूशी पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देत होते. प्रभूने त्यांना मोजणं थांबवायला सांगितलं नाही. मोजताना न्याय, दया आणि विश्वासूपण विसरलात, हा त्याचा आरोप होता. आपल्याकडेही असे पाळक मी पाहिले आहेत. पहाटे शेतात पाणी पाजून दोन मैल चालत आलेली बाई दहा मिनिटं उशिरा पोचली म्हणून व्यासपीठावरून टोमणा मारणारे. पोराचा बाप्तिस्मा करायचा तर आधी वर्गणीची बाकी भरा म्हणणारे. हिशेब त्यांचा पक्का होता, पण तो नेहमी दुसऱ्याचा होता. काटेकोरपणा स्वतःच्या वेळेबाबत, स्वतःच्या शब्दाबाबत, स्वतःच्या हातातल्या पैशांबाबत ठेवा. दुसऱ्याची चूक तपासताना डोळा जरा मिटलात तर स्वर्गात कोणी रागावणार नाही.

आपण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर राहतो, म्हणून आणखी एक. १९५६ पासूनचा सीमावाद तुमच्या-माझ्या जन्माला पुरून उरला आहे. २०१४ मध्ये कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं. कोर्टात काय व्हायचं ते होईल. तुमच्या मंडळीत मात्र एका बाकावर मराठी म्हातारी आणि शेजारी कानडी म्हातारी बसते. त्या कानडी आजीला दवाखान्यात भेटायला जाल तेव्हा प्रार्थनेतली दोन वाक्यं तिच्या भाषेत म्हणा. आधी शिकून घ्या, उच्चार कोणाकडून तरी तपासून घ्या. आणि मराठी मुलांचं मराठी बायबल वाचन सुटू देऊ नका. दोन्ही करता येतं. आपल्या आज्या-पणज्यांनी या भागात ते केलं आहे.

मराठी बायबल म्हटलं की पंडिता रमाबाईंचं स्मरण होतंच. आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ मध्ये जन्मलेली ही बाई संस्कृतची पंडिता, देशोदेशी गाजलेली. तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. छापील बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्येच छापलं गेलं, आणि खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली-बायका होत्या, ज्यांना जगाने टाकून दिलं होतं. शिशाचा एकेक खिळा उलट्या अक्षराचा. काना वेगळा, मात्रा वेगळी. एक टिंब निसटलं तर वचन बिघडणार. या जुळारी बायकांपैकी बहुतेकींची नावं कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी जुळवलेली पानं मात्र आहेत.

मुलांनो, तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला इथवर आणायला काय काय विकलं, काय गहाण टाकलं, हे मी विचारत नाही. त्यांचे चेहरे समोर दिसत आहेत. त्यांचं अभिनंदन तुमच्या आधी. तुमचं शिक्षण आज संपतं आणि नोकरी म्हणता येणार नाही अशी, पगार उशिरा होणारी, लोकांची बोलणी खायला लावणारी सेवा सुरू होते. तुमच्याकडून माझी मागणी थोडी आहे. मंडळीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती तीन रजिस्टरं मागून घ्या. पहिल्या पानापासून वाचा. जे रकाने कोरे दिसतील त्यांची यादी करा, आणि ज्यांच्या त्या नोंदी आहेत ती माणसं हयात आहेत तोवर त्यांच्या घरी जाऊन, कागद पाहून, दोन साक्षीदारांसमोर माहिती लिहून घ्या. मूळ नोंदीत खाडाखोड करू नका. दुरुस्तीची वेगळी नोंद ठेवा, तारीख घाला आणि आपली सही पूर्ण नावाने करा.

परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो.