उपकाराचें ऋण



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही मोठा बहुमान समजतों. आम्ही मूळचे नारपोलीचे. परंतु गेलीं कित्येक वर्षें इंग्लंडांतील एका कॉलेजांत विद्यार्थ्यांचे सल्लागार म्हणून काम करीत आहों. परदेशांत राहून कृतज्ञता कशी शिकलों, तें सांगावें, अशी सूचना आली आहे. खरें सांगावयाचें तर आम्ही ती आधीं विसरलों आणि मग शिकलों.

आमच्या कामाचें स्वरूप असें आहे. दूर देशाहून आलेला मुलगा आमच्या खोलींत येतो. कधीं त्याची फी थकलेली असते. कधीं राहत्या जागेचा करार त्यास उमगत नाहीं. कधीं तो परीक्षेंत नापास झालेला असतो आणि घरीं कळविण्याचा त्यास धीर होत नाहीं. तो विचारतो मात्र एखाद्या अर्जाविषयीं. त्या अर्जामागचें दुःख ओळखणें, हेंच सल्लागाराचें खरें कर्तव्य.

एके वर्षीं हिंवाळ्यांत असाच एक विद्यार्थी आला. त्यानें फी भरण्याची मुदत विचारली. आम्हीं नियम दाखविला, तारीख सांगितली आणि त्यास निरोप दिला. पुढें तो दिसेनासा झाला. दोन महिने एक वेळ जेवून त्यानें दिवस काढिले आणि अखेर शिक्षण सोडून तो परत गेला, हें त्याच्या सोबत्याकडून आम्हांस कळलें. नियमांत आमचें कांहींच चुकलें नव्हतें. परंतु त्या रात्रीं आम्हांस त्या देशांतील आमचा पहिला आठवडा आठवला. ओळख ना देख, अशा एका वृद्ध बाईनें मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर आम्हांस थांबवून विचारलें होतें, “आज जेवणार कोठें?” आम्हीं तिचे आभार मानिले, पण तिचा प्रश्न पुढें कोणास विचारिला नाहीं. उपकार घेतला आणि गांठीशीं बांधून ठेविला.

अशा वेळीं फादर टॉमस स्टीफन्स यांचें चरित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. आम्ही येथून इंग्लंडांत गेलों. ते तेथून इकडे आले. राणी एलिझाबेथच्या अमदानींत त्या देशांत कॅथॉलिक धर्म पाळणें संकटाचें झालें होतें. त्यांचे मित्र टॉमस पाउंड हे धर्मासाठीं दीर्घकाळ तुरुंगांत राहिले. स्टीफन्स रोमास गेले, येशूसंघांत दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं याच भूमीची सेवा केली. साष्टी येथील कॉलेजचे ते रेक्टरहि होते.

१५८३ च्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती, असे चार इंग्रज होर्मूझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आले. ज्या राणीच्या राज्यांत आपल्या मित्रास बंदिवास घडला, त्याच राज्याची ही प्रजा. परंतु फादर स्टीफन्स यांनीं तो हिशेब काढिला नाहीं. एका फ्लेमिश पाद्र्यासह त्यांनीं रदबदली केली आणि न्यूबेरी आणि फिच हे जामिनावर सुटले. न्यूबेरी आणि फिच यांनीं गोव्याहून स्वदेशीं धाडलेल्या पत्रांत या साहाय्याची नोंद आहे. ज्या भूमींत राहिलों, तिची भाषा त्यांनीं आपली केली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. परक्या भूमीचें उतराई होण्याचा याहून सुंदर प्रकार आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपल्या अंगणाकडे पाहूं. भिवंडींत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले कामगार बारा बारा तास यंत्रमागांवर उभे राहतात, भिशीच्या खानावळींत जेवतात, आणि कित्येक तर मागांच्या शेजारींच अंग टाकतात. ज्यांचीं मुलें येथें आहेत, त्यांस मुलें कॉलेजांत जावींत असें वाटतें. परंतु अर्ज कसा भरावा, शिष्यवृत्ति कोठें मागावी, हें सांगणारा घरांत कोणी नसतो. आमच्या खोलींतून रिकाम्या हातीं गेलेला तो विद्यार्थी येथें आपल्याच गल्लींत राहत आहे.

लूककृत शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोगी आपणांस ठाऊक आहेत. बरे झाले दहा; परत येऊन प्रभूचे उपकार मानणारा एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका. कृतज्ञतेचा धडा परक्याकडूनच घ्यावा, अशी जणूं प्रभूची योजना आहे.

ज्युबिली हा शब्दहि आपणांस हेंच शिकवितो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं जमिनी मूळ कुळांस परत जावयाच्या आणि दास मोकळे व्हावयाचे. म्हणजे तें परत देण्याचें वर्ष. त्या वृद्ध बाई आतां हयात नाहींत. त्यांचें ऋण त्यांस फेडतां येणार नाहीं. तें पुढच्या माणसासच फेडावें लागेल. म्हणून आमची नम्र विनंति अशी कीं, कॉलेज पाहिलेल्या आपल्यांतील चार जणांनीं दर रविवारीं मिस्सानंतर एक तास येथें बसावें, आणि कोणत्याहि धर्माचा, कोणत्याहि प्रांताचा विद्यार्थी येवो, त्याचा अर्ज भरून द्यावा. मात्र अर्जाकडे वळण्यापूर्वीं, तो जेवला आहे काय, हें विचारावें. आमची रजा आहे तोंवर हा रविवारचा तास आम्ही सांभाळूं. पुढें तो आपण सांभाळावा.

प्रभु येशूची कृपा आणि पवित्र मरियेचा आशीर्वाद आपल्या सर्वांवर अखंड राहो. आमेन.