पाळण्यात बसण्याआधी : यात्रा, उरूस आणि आपली जबाबदारी

(माण तालुक्यातील यात्रा समित्यांचे सदस्य, ग्रामपंचायत सदस्य आणि युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या माणदेशात पाऊस कमी, पण यात्रा भरपूर. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी चढतात. शेजारी खटावात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, आटपाडीत खरसुंडीला सिद्धनाथाची. गावोगावच्या पिरांचे उरूस वेगळेच. देवळाचे किंवा दर्ग्याचे नाव बदलते, पण गावाबाहेरच्या मोकळ्या रानातले दृश्य तेच असते. आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगन ट्रेन, हेलकावे खाणारे जहाज, मौत का कुआँ. तिथे कुणी कुणाची जात विचारत नाही. तिकीट हातात असले की झाले. शेजारच्या घरातली दोन वेगळ्या धर्मांची मुले एकाच पाळण्यात बसून एकाच वेळी ओरडतात. यात्रेतला हा सगळ्यांचा कोपरा मला फार आवडतो.

पण याच कोपऱ्याला कुणी वाली नाही. देवळाची व्यवस्था ट्रस्ट पाहतो, रथाचा मार्ग पोलीस पाहतात, पाण्याचे टँकर पंचायत पाहते. पाळणा मात्र पाळणेवाल्याचा. तो ट्रकमधून येतो, दोन दिवसांत उभा राहतो, आठ दिवस फिरतो आणि निघून जातो. त्यात बसणारे मूल आपले असते, एवढेच आपण विसरतो.

काय होऊ शकते, ते आधी सांगतो. १४ जुलै २०१९, रविवारची संध्याकाळ. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या बालवाटिकेत लंबकासारखा झुलणारा एक मोठा पाळणा चालू होता. चालू असतानाच त्याचा मुख्य दांडा तुटला आणि माणसांनी भरलेले चक्र खाली कोसळले. दोघांचा मृत्यू झाला, पंचवीसहून अधिक लोक जखमी झाले. ही आडरानातली जत्रा नव्हती. मोठ्या शहरातले, रोज गजबजलेले ठिकाण होते. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच मनोऱ्यावरचा पाळणा माणसांसह जमिनीवर आदळला. २०२३ साली आपल्याच राज्यात, शिर्डीला रामनवमीच्या यात्रेत पाळण्याचा अपघात होऊन काही जण जखमी झाले. २०२४ साली उत्तर प्रदेशात कनौज जिल्ह्यातल्या एका जत्रेत एका मुलीचे मोकळे केस पाळण्यात अडकले आणि डोक्याची कातडी सोलून निघाली.

अशा वेळी गावात दोन वाक्ये ऐकू येतात. एक, "नशिबात होते." दुसरे, "यंत्र आहे, होणारच." दोन्ही वाक्ये वेगवेगळी वाटतात, पण दोन्हींचे काम एकच. पुढचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. म्हणून पाळणा कसा मोडतो, ते थोडे समजून घेऊ.

लोखंड एका दिवसात तुटत नाही. एकाच जागी हजारो वेळा ताण आला की तिथे केसाएवढी चीर पडते. बहुतेक वेळा ती वेल्डिंगच्या सांध्याजवळ असते. ती हळूहळू वाढते. वरून रंगाचा नवा हात मारला की डोळ्यांना दिसतच नाही. म्हणूनच चकचकीत पाळणा म्हणजे सुरक्षित पाळणा नव्हे. सांध्याची तपासणी रंग खरवडून, माहितगार माणसाकडून व्हावी लागते.

दुसरी गोष्ट, फिरत्या पाळण्याची अडचण खोपोलीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कायमच्या पार्कातल्या राइडपेक्षा वेगळी असते. पार्कातली राइड एकदा पायात रोवली की तिथेच राहते. जत्रेतला पाळणा वर्षभरात अनेकदा खोलला जातो आणि पुन्हा जोडला जातो. प्रत्येक वेळी तेच नट, तेच बोल्ट, त्याच पिना. एखादी पिन हरवली तर तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा घातला जातो. दिवसभर हादरे बसून नट सैल होतात. रोज सकाळी ते कुणीतरी पान्याने तपासले पाहिजेत.

तिसरी गोष्ट जमीन. पाळण्याचे सगळे वजन चार पायांवर येते. खाली लाकडी ओंडके ठेवून ते समपातळीत आणतात. आपल्याकडे कुठे मुरूम, कुठे काळी माती, ओढ्या-नदीकाठी वाळू. काळ्या मातीला पाणी लागले की ती फुगते आणि मऊ होते. एक पाय चार बोटे खचला तरी मधला आस वाकडा होतो आणि नको त्या ठिकाणी ताण येतो. अवकाळी पावसाची सर येऊन गेली आणि तासाभरात पाळणा पुन्हा सुरू झाला, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या तासात पाय कुणी पाहिले?

चौथी गोष्ट माणूस. पाळणा भरताना समोरासमोरचे वजन सारखे ठेवावे लागते. ब्रेक केव्हा लावायचा, कुठले मूल बसवायचे नाही, वारा सुटला की कधी थांबायचे, हे कळणारा माणूस यंत्राजवळ हवा. तिथे उभा असतो सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, रात्रीच्या दोनपर्यंत जागलेला, पाळण्याखालीच झोपणारा. चूक झाली तर पहिला मार त्यालाच बसतो, आणि पहिला धोकाही त्यालाच असतो. चालत्या पाळण्याला हाताने धक्का देणारी ही पोरेही कुणाची तरी मुले आहेत.

ज्या देशांत हे सुधारले, तिथेही किंमत मोजूनच सुधारले. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ३० मे १९७२ रोजी लाकडी रोलर कोस्टरची गाडी चढावर असताना ओढणारा दोर तुटला. गाडी मागे घसरू नये म्हणून असलेली अटकावाची व्यवस्थाही निकामी ठरली. पाच मुले गेली. आज ब्रिटनमध्ये प्रत्येक राइडची दरवर्षी स्वतंत्र तपासनीसाकडून तपासणी होते आणि तसा दाखला मिळाल्याशिवाय ती चालवत नाहीत. तरीही २०१५ साली ऑल्टन टॉवर्स या नावाजलेल्या पार्कात दोन गाड्या धडकल्या, १६ जण जखमी झाले, दोन तरुणींचे पाय कापावे लागले. यंत्राने सुरक्षेसाठी गाडी थांबवली होती, माणसांनी तो इशारा डावलून ती पुढे सोडली. न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. नुसते यंत्र चांगले असून भागत नाही, हे यावरून कळते.

आपल्याकडे कायदाच नाही, असे कुणी म्हणेल. तसे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचे नियम करता येतात. जिल्ह्यात हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पाळण्याच्या तपासणीसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची यांत्रिकी शाखा आहे, विजेसाठी विद्युत निरीक्षक आहेत. भारतीय मानक ब्युरोने अशा साधनांसाठी आयएस १५४७५ हे मानक तयार केले आहे. कागद आहेत, प्रश्न आहे तो कागद केव्हा आणि कशाचा काढला याचा. ट्रकवर सुटा असलेला पाळणा पाहून दिलेल्या दाखल्याला अर्थ नाही. तपासणी तो उभा राहिल्यावर, त्याच जमिनीवर, वाळूच्या पोत्यांचे वजन घालून फिरवून झाली पाहिजे.

आपल्या सातारा जिल्ह्याला यात्रेतल्या निष्काळजीपणाची किंमत वेगळी सांगायला नको. २५ जानेवारी २००५, मांढरदेवीची यात्रा. तिथे पाळणा तुटला नव्हता, चेंगराचेंगरी आणि आग होती. २९० हून अधिक माणसे गेली. कारणे काय होती? नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वाटेला खेटून लागलेली दुकाने आणि त्यांतले गॅस सिलिंडर. यातले एकही कारण आभाळातून पडले नव्हते. प्रत्येक कारण आदल्या दिवशी कुणालाही डोळ्यांनी दिसले असते. पाळण्याचेही तसेच आहे. सैल नट, खचलेला पाय, बेपत्ता पिन, जमिनीवरून गेलेली उघडी वायर, या सगळ्या आदल्या दिवशी दिसणाऱ्या गोष्टी आहेत.

आता माझा मुख्य मुद्दा. यात्रा समिती किंवा पंचायत पाळण्यांच्या जागेचा लिलाव करते. जो जास्त बोली लावतो, त्याला जागा. ते पैसे गावाच्या कामाला येतात, त्यात गैर काही नाही. पण जागेचे भाडे आपण घेणार आणि जबाबदारी मात्र त्याची, हा हिशेब बरोबर नाही. लिलावाच्या अटींतच चार गोष्टी घाला. पाळणा उभा केल्यानंतरचा तपासणी दाखला मिळेपर्यंत एकही तिकीट फाडायचे नाही. तो दाखला तिकीट खिडकीवर, लोकांना वाचता येईल असा लावायचा. विमा हवा. आणि रोज सकाळच्या तपासणीची वही हवी, ज्यावर समितीचा एक माणूस सही करील. या अटी पाळणाऱ्याची बोली कमी आली तरी चालेल. त्या फरकाला तोटा म्हणू नका.

यात पाळणेवाल्यांवर राग नाही. त्यांच्यावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. गावोगाव भटकून पोट भरणारी ही माणसे आहेत. अपघातानंतर महिनाभर सरसकट बंदी येते, त्यात नीट काम करणाराही भरडला जातो. मग सगळे शांत होते आणि पहिल्यासारखेच सुरू होते. नियम सगळ्यांना सारखे आणि आधीच माहीत असतील, तर खर्च करणाऱ्या प्रामाणिक माणसाचेच भले होते.

आणखी एक, आपल्या चळवळीच्या व्यासपीठावरून सांगायलाच हवे. आजकाल कुठेही काही घडले की आधी मालकाचे आडनाव विचारले जाते. पाळणेवाला मुसलमान निघाला तर एक चर्चा, हिंदू निघाला तर दुसरी. आधी पिन विचारा, आडनाव नंतर. आणि उरुसातला पाळणा आपल्या माणसाचा आहे म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करणे, हाही त्याच आजाराचा भाग आहे. म्हसवडच्या यात्रेला जी अट, तीच आपल्या पिराच्या उरुसाला. ही मागणी करायला दोन्ही समाजांची माणसे एकत्र तहसील कार्यालयात गेली, तर त्या अर्जाचे वजन वेगळेच असेल.

तरुणांसाठी एक काम आहे. यात्रेच्या दीड-दोन महिने आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागच्या वर्षी किती पाळण्यांना परवानगी दिली, तपासणी कोणत्या तारखेला झाली, दाखल्यांच्या प्रती द्या, एवढेच विचारा. नुसता अर्ज गेला तरी यंदाची तपासणी वेळेवर व्हायला मदत होते. आणि अपघात झालाच, तर हेही लक्षात ठेवा की तिकीट घेतलेला माणूस ग्राहक आहे. फौजदारी गुन्ह्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. तिकिटाचा तुकडा फेकू नका.

आयाबहिणींना विनंती. पाळण्यात बसताना केस बांधा. साडीचा पदर, ओढणी, बुरखा, स्कार्फ, जे काही मोकळे आहे ते आत खोचून घ्या. अडवणारी दांडी किंवा साखळी नसेल तर लहान मुलाला बसवू नका, रडले तरी. चालवणारा एका पाळण्यात चौघांच्या जागी सहा कोंबत असेल, तर उतरा आणि मोठ्याने सांगा. एक बाई बोलली की मागच्या रांगेतल्या दहाजणी बोलतात.

मुलांनी पाळण्यात बसू नये, असे सांगायला मी आलो नाही. दुष्काळी मुलखातल्या पोराला वर्षातून एकदा उंचावरून आपले गाव पाहायला मिळते. तो आनंद त्याचा हक्क आहे. तो सुखरूप खाली उतरेल, ही हमी द्यायची जबाबदारी खाली उभ्या असलेल्या आपणा सगळ्यांची आहे. पुढच्या लिलावाची बैठक बसेल तेव्हा या चार अटी कागदावर आणा, एवढीच माझी मागणी आहे.