शब्दाचे उगमस्थान : ‘वॉटरशेड’च्या निमित्ताने



ज्या गुरुजनांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी हयातभर मुलांना शब्द शिकविले. तेव्हा शब्द कसा शिकावा, एवढाच लहानसा विषय मी आज घेतला आहे. मी मराठीचा प्राध्यापक. तरी उदाहरण इंग्रजी शब्दाचे देतो, कारण बेळगावकडच्या आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना अडचण भासते ती तेथे. शब्द आहे ‘वॉटरशेड’.

वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि परीक्षेच्या उताऱ्यांत हा शब्द वारंवार भेटतो. अमुक घटना म्हणजे देशाच्या इतिहासातील ‘वॉटरशेड’, असे वाक्य असते. ‘गाईडा’त त्यापुढे ‘महत्त्वाचे वळण’ असा अर्थ छापलेला असतो आणि मुलगा तो पाठ करतो. परंतु ज्याच्या ध्यानात केवळ ‘वळण’ राहिले, तो उद्या पोस्टाजवळच्या रस्त्याच्या वळणालाही ‘वॉटरशेड’ म्हणेल. त्याला अर्थ दिला गेला. त्या अर्थाचे उगमस्थान कोणी दाखविले नाही.

ते आपण पाहू. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, हे उघड आहे. ‘शेड’ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याची शेड उभी राहते. येथील ‘शेड’चा तिच्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत वेगळे करणे, विभागणे या अर्थाचे एक क्रियापद होते, त्याचा हा अवशेष. स्कॉटलंडकडील बोलीत केसांच्या भांगालाही ‘शेड’ म्हणतात. पाणी विभागणाऱ्या रेषेला जर्मन भाषेत ‘वासरशाइड’ असा शब्द आहे. त्याच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत ‘वॉटरशेड’ वापरात आला. डोंगराच्या माथ्यावर पडलेला भांग, असे म्हटले की वाच्यार्थ मुलाच्या मनात पक्का बसतो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत यालाच ‘जलविभाजक’ असे नाव आहे.

हा भांग पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. पूर्वेकडे वाहत जाऊन ती कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस गोव्यात उतरते, मांडवी म्हणून ओळखली जाते आणि पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. या दोन खोऱ्यांमधल्या माथ्यावर हातभर अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब डोळ्यांपुढे आणावेत. ढग एक, वारा एक; परंतु एकाच्या नशिबी पूर्वसमुद्र, दुसऱ्याच्या नशिबी पश्चिमसमुद्र. ही रेषा केवळ पुस्तकातली नव्हे. म्हादईच्या खोऱ्यातील पाणी मलप्रभेकडे वळविण्यावरून राज्याराज्यांत तंटा झाला. त्यासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला आणि २०१८ साली त्याचा निवाडा आला.

आता लक्ष्यार्थाकडे वळू. वळणावर वाटसरू एकच असतो, त्याची दिशा तेवढी बदलते. ‘वॉटरशेड’मध्ये मात्र शेजारी असणाऱ्यांची फारकत आहे. आपल्याच इतिहासातील उदाहरण घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. सीमेच्या दोन्ही अंगांची माणसे तीच, बोली तीच, सोयरीकही तीच. परंतु तेथून पुढे मुलांची क्रमिक पुस्तके, कचेरीची भाषा, नोकरीच्या वाटा निरनिराळ्या होत गेल्या. त्या दिवसाला ‘वळण’ म्हटले, तर सांगावयाचे ते राहूनच जाते. ‘वॉटरशेड’ म्हटले की ते दोन थेंब आठवतात, आणि मग अर्थ कोणी फोडून सांगावा लागत नाही.

आपल्या काव्यशास्त्राला ही वाट परिचयाची आहे. लक्षणेसाठी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्यार्थाला बाध येणे, मुख्यार्थाशी संबंध असणे, आणि रूढी किंवा प्रयोजन असणे. गंगेवर गवळीवाडा आहे, असे कोणी म्हटले तर आपण तो काठावर आहे असे समजतो. पण गंगेची शीतलता आणि पावित्र्य त्या काठापर्यंत येऊन पोचते. इतिहासात डोंगर नसतो, म्हणून ‘वॉटरशेड’च्या मुख्यार्थाला तेथे बाध येतो, दुभंगण्याचा संबंध तेवढा टिकून राहतो. तो संबंध ज्याला दिसला, त्याचे पाठांतराचे ओझे उतरले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अमेरिकेत हाच शब्द रेषेऐवजी नदीच्या सबंध खोऱ्यासाठी वापरतात, आणि आपल्याकडील सरकारी योजनांत त्याचे ‘पाणलोट क्षेत्र’ असे भाषांतर होते. तेथे ते योग्यच आहे. पण तोच प्रतिशब्द इतिहासाच्या वाक्यात बसविला तर अनर्थ होईल, कारण लक्ष्यार्थ निघाला आहे तो रेषेतून. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात रात्रीच्या नऊ वाजण्याला ‘वॉटरशेड’ म्हणतात. मुलांना अयोग्य असे कार्यक्रम त्याआधी दाखवावयाचे नाहीत, असा तेथील दंडक आहे. येथेही मुळाशी तीच विभागणारी रेषा आहे.

शिक्षक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. फळ्यावर प्रतिशब्द लिहिण्याआधी एक डोंगर काढावा, दोन्ही उतारांवर बाण दाखवावेत, आणि मग माणसांच्या आयुष्यात असे कोठे घडते, हे मुलांनाच विचारावे. उत्तरे त्यांच्या घरातून येतील. मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहते, असा आक्षेप आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. माझ्या मते तो कच्चेपणा वाच्यार्थ ओलांडून लक्ष्यार्थ गाठण्याच्या घाईतून येतो. भांग, माथा, उतार, फारकत हे शब्द ज्या मुलाच्या जवळ आहेत, त्याच्या हाती परभाषेची किल्ली आधीच आलेली असते. ती कुलपाला कशी लावावी, एवढे आपण त्याला दाखवावयाचे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांचे काम पुढे नेण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.