जुना कार्बोरेटर: टाकायचा की दुरुस्त करायचा?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू तुझ्या गॅरेजमधलं काहीतरी सांग, पण सगळ्यांना कळेल असं.’ म्हणून आज एकाच वस्तूबद्दल बोलतो. प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसीची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती साऱ्या देशाला माहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्यात त्या घरच्या गाड्या. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची.

अशीच एक गाडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. आपल्याच वर्गातल्या एकाची. नाव सांगत नाही, तो इथेच बसलाय. गाडी त्याच्या वडिलांची. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख दीड महिन्यावर आलेली आणि गाडी पीयूसीत नापास. पीयूसी नाही तर नूतनीकरण नाही. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला होता.

गाडीचा आजार असा: स्लो लागत नाही, सिग्नलला बंद पडते, पेट्रोल भरमसाट पिते, सायलेन्सरमधून काळा धूर. एका ठिकाणी मोठा जेट घातला होता, दुसऱ्या ठिकाणी नवा नकली कार्बोरेटर बसवला होता. तरी गुण नाही. नशीब एवढंच, की जुना कार्बोरेटर त्यानं पिशवीत घालून डिकीत ठेवला होता.

सरांनी आपल्याला शिकवलं होतं, हवा अरुंद जागेतून वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो. फ्लिटचा पंप त्यावरच चालतो आणि कार्बोरेटरही. गळ्यातून हवा वेगानं जाते, बाजूच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. खाली एक गोल पाकळी असते, बटरफ्लाय. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. ती ज्या दांडीवर फिरते तो स्पिंडल. सगळी गोम तिथे होती.

कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे मऊ. स्पिंडल वर्षानुवर्षं फिरून तिची भोकं लांबट करतो. मग तिथून जादा हवा आत शिरते. स्लोवर इंजिनाला हवा लागते थोडीच, त्यामुळे ही चोरटी हवा भारी पडते. मिश्रण पातळ होतं, इंजिन थरथरतं. मेकॅनिक ते लपवायला मिक्श्चर स्क्रू सैल करतो, मोठा जेट घालतो. मग गाडी पळताना पेट्रोल जास्त जातं आणि धूर येतो. दोष हवेचा, शिक्षा पेट्रोलला!

ओळखायचं सोपं. स्पिंडल बोटांत धरून हलवा, खडखडला तर झिजलाय. आम्ही जुन्या बॉडीचा हलवला, तर डोळ्यांना दिसेल एवढा हलला.

मग दुरुस्ती. बटरफ्लायचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून फुलवलेले असतात. ते टोक आधी कानशीनं घासायचं, नाहीतर स्पिंडलचे आटे जातात. टेक्निकलच्या तासाला धरलेली कानस मला इथे उपयोगी पडते. पाकळीच्या कडा तिरक्या असतात, म्हणून काढण्यापूर्वी खूण करायची. लेथवाल्याकडून दोन्ही भोकं एका रेषेत रीमरनं मोठी करून घेतली, गनमेटलचे बुश दाबून बसवले, नवा स्पिंडल घातला. पाकळी बंद करून उजेडासमोर धरली, चारी बाजूंनी फट सारखी दिसली तेव्हा स्क्रू आवळले आणि पुन्हा ठोकले. हे ठोकणं विसरायचं नाही. सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो.

खालची फ्लँज जास्त आवळून वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट केली. जेट कधीही तारेनं कोरू नका. जेटवरचा आकडा भोकाचं माप सांगतो. 130 म्हणजे 1.30 मिलिमीटर. तार घातली की ते माप गेलं. हवेच्या प्रेशरनं साफ करा. मूळ मापाचे जेट, नवी नीडल, नवं गॅस्केट आणि पंपाचा नवा पडदा घातला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खराब करतं आणि उभ्या गाडीत पाणी ओढून घेतं. म्हणून रबर त्याला टिकणारंच घ्यायचं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करायची.

शेवटी इंजिन चांगलं गरम करून, चोक पूर्ण उघडा ठेवून ट्यूनिंग केलं. सिग्नलला बंद पडणारी गाडी माझ्या दारात पाव तास स्लोवर उभी राहिली. पीयूसीत पास झाली. नूतनीकरण मुदतीत झालं.

याचा अर्थ नवा कार्बोरेटर कधीच घेऊ नये असा नाही. बॉडीला तडा गेला असेल, आतून गंजून खड्डे पडले असतील, तर बदलाच. पण बसवण्यापूर्वी नव्याचे जेट जुन्याशी आकडा लावून पाहा. आणि जुनी बॉडी गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, घरी आणा. दुरुस्त होण्यासारखी मूळ बॉडी आता सहज मिळत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या दारात ताडपत्रीखाली अशी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी बॉनेट उघडा आणि तो स्पिंडल एकदा हलवून बघा. बघता आला नाही, तर मला फोन करा. वर्गमित्रांकडून तपासणीचे पैसे घेत नाही, चहा मात्र घेतो.