वाटेवरचें कथाबीज

गोष्टी लिहिणाऱ्या मनुष्यास लोक हटकून एक प्रश्न विचारतात : “तुम्हांला हें सारें सुचतें तरी कोठून?” या प्रश्नाचें नीट उत्तर फार थोड्या लेखकांस देतां येतें, बहुतेक जण हंसून वेळ मारून नेतात. परंतु लेखणी अडली, कीं हेच लेखक पिशवी भरून प्रवासास निघतात. नवीं स्थळें पाहावीं, नवीं माणसें भेटावीं आणि परततांना दोनचार कथानकें पदरांत बांधून आणावीं, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा ठरतो, तें पाहण्यास खानदेशांतील सारंगखेड्याची वाट फार चांगली आहे.

सारंगखेडें हें तापीकांठचें गांव शहादें तालुक्यांत मोडतें. पूर्वीं हा मुलूख पश्चिम खानदेशांत व पुढें धुळें जिल्ह्यांत गणला जाई. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा स्टेशनावर उतरून मोटारीनें शहाद्याची सडक धरली, म्हणजे तापीच्या पुलाशीं हें गांव लागतें. मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या दिवशीं, येथें एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते. इतरत्र दत्ताची मूर्ति बहुधा त्रिमुखी असते. येथें ती एकमुखी, हें या स्थानाचें वैशिष्ट्य. परंतु यात्रेचा लौकिक दूरवर गेला तो घोड्यांच्या बाजारामुळें. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या प्रांतांतून सौदागर आपलीं जनावरें घेऊन येथें येतात.

सहलीस आलेला लेखक या बाजारांत शिरला, कीं त्याचे डोळे दिपून जातात. कानांचीं टोकें एकमेकांकडे वळलेले मारवाडी व काठेवाडी घोडे, पांढरेशुभ्र नुक्रे, चारी पाय व कपाळ पांढरें असलेले पंचकल्याणी, आईच्या पोटाशीं बिलगलेलीं शिंगरें, रवाल चाल दाखविणारे चाबूकस्वार, झूल व गोंडे विकणारीं दुकानें! एके काळीं घोडा लागे तो लढाईस व प्रवासास. आज तो लागतो लग्नाच्या वरातीस, शर्यतीस आणि हौसेस. लेखक हें सर्व टिपून घेतो. रात्रीं बिऱ्हाडीं येऊन तीं टिपणें तो वाचूं लागतो, आणि त्याच्या ध्यानांत येतें कीं, येथें चित्र आहे, पण गोष्ट नाहीं. धूळ आहे, रंग आहेत, खिंकाळ्या आहेत. परंतु कोणाचें कांहीं हरवलेलें नाहीं, कोणास कांहीं मिळालेलें नाहीं.

मग गोष्ट येते कोठून? घोडा पारखणारा जाणता मनुष्य प्रथम दांत पाहून वय ठरवितो, पाय चांचपतो, चाल पाहतो. आणि शेवटीं अंगावरचे भोंवरे पाहतो. केंसांच्या या वळशांवरून जनावर शुभ कीं अशुभ, हें ठरविण्याची रूढि जुनी आहे. घोडी चालींत निर्मळ, स्वभावानें गरीब, वयानें तरुण. परंतु भोंवरा वाईट जागीं पडला, कीं गिऱ्हाईक मान हलवून पुढें जातें आणि तिची किंमत उतरते. आतां समजा, असें मान हलवून पुढें गेलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरीं उपवर मुलगी आहे. मुलगी गुणी आहे. पण पत्रिकेंत मंगळ असल्यामुळें तीन ठिकाणांहून नकार आलेला आहे. त्या नकारांनीं बाप मनांतून जळत आहे. “मुलीकडे कोणी पाहिलें नाहीं, पाहिला तो कागद!” असें तो रात्रंदिवस म्हणत असतो. आणि तोच बाप येथें घोडीकडे न पाहतां तिचा भोंवरा पाहतो! हें त्याचें त्यालाच उमजलें तर? आणि उमजलें नाहीं तर? या दोन प्रश्नांपाशीं गोष्ट जन्मास येते.

या उदाहरणांत भोंवरा सारंगखेड्याच्या बाजारांत मिळाला. मंगळ मात्र लेखकानें घरून आणलेला होता. शेजारच्या घरांतील ती मुलगी त्यानें वर्षानुवर्षे पाहिली होती, पण तिच्याविषयीं काय लिहावें तें त्याला सुचत नव्हतें. प्रवास ही चकमक आहे. ठिणगी पडावयाची तर गारगोटी ज्याची त्यानेंच बरोबर न्यावी लागते. रिकाम्या मनानें निघालेला मनुष्य कितीहि कोस हिंडला, तरी रिकामाच परत येतो.

दुसरी गोष्ट धीराची. पेणजवळील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला. परंतु ‘माझा प्रवास’ त्यांनीं लिहिला तो सुमारें पाव शतकानंतर, आणि तो छापला गेला १९०७ सालीं. रशियन लेखक अन्तोन चेखव १८८७ सालीं आपल्या जन्मप्रांतीं जाऊन आला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याची ‘स्टेप’ ही कथा प्रसिद्ध झाली. शिक्षणासाठीं परगांवीं निघालेला एक लहान मुलगा आणि गवताळ माळावरून चाललेल्या गाड्या, एवढाच तिचा विषय. पण तो माळ चेखवच्या बाळपणापासून त्याच्या मनांत होता. कोणास एक वर्ष लागतें, कोणास पंचवीस. पाहिलेलें मनांत मुरावें लागतें, हा नियम दोघांसहि सारखाच.

सारंगखेड्याहून सहलीची गाडी सहसा प्रकाशें व तोरणमाळ या ठिकाणीं जाते. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशास लोक दक्षिणकाशी म्हणतात. तेथें १९५४-५५ सालीं झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगांतील वस्तीचे अवशेष निघाले. तेथून शहाद्यावरून वळणावळणाचा घाट चढून तोरणमाळच्या पठारावर गेलें, कीं यशवंत तलावाचें शांत पाणी दिसतें. या सातपुड्याच्या पलीकडे, जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, नर्मदा वाहते. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनीं तरुणपणीं तिची परिक्रमा पायीं केली आणि त्या अनुभवांतून त्यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ सालीं अवतरली. पायीं चालणारास दारोदार थांबावें लागतें, भाकरी मागावी लागते, रात्रीं कोणाच्या तरी ओट्यावर निजावें लागतें. म्हणून त्याला माणसें भेटतात. मोटारींतून जाणारास दिसतात तीं झाडें आणि मैलाचे दगड.

त्याच नर्मदेच्या कांठचीं महाराष्ट्रांतील ३३ गांवें पुढें सरदार सरोवराच्या बुडिताखालीं आलीं. तेथील कित्येक आदिवासी कुटुंबांच्या वसाहती तळोदें व शहादें तालुक्यांत सपाटीवर झाल्या. तोरणमाळच्या सहलीस निघालेल्या मोटारी याच तालुक्यांतून धुरळा उडवीत जातात. एखाद्या अंगणांत बसलेली म्हातारी गाडीतल्या प्रवाशास दिसते, आणि तिच्या रंगीत मण्यांच्या माळा पाहून तो तिचें चित्र काढूं पाहतो. परंतु जिचें बाळपण नदीच्या पाण्यांत गेलें व जिचें गांव त्याच पाण्याखालीं गेलें, अशी ती असूं शकेल, हें त्याच्या गांवींहि नसतें. येथें लेखकाच्या पिशवींतील गारगोटी उपयोगी पडत नाहीं, कारण असें दुःख त्यानें स्वतः भोगलेलें नसतें. येथें त्यानें गाडी थांबवावी, परवानगी घेऊन ओट्यावर टेंकावें, तिची बोली येत नसेल तर गांवांतील जाणत्यास मध्यस्थ घ्यावें, आणि आधीं ऐकावें. ऐकूनहि लिहितां आलें नाहीं, तर न लिहिणें बरें. दुसऱ्याच्या आयुष्याचें नुसतें नक्षीकाम करणें हा लेखनाचा अपराध होय.

यात्रा उलगते, राहुट्या निघतात, नदीकांठच्या मैदानांत खुरांचे ठसे तेवढे राहतात. खपलेले घोडे नव्या धन्याबरोबर जातात. न खपलेली घोडी जुन्या धन्याबरोबर आल्या वाटेनें परतते. परतणाऱ्या लेखकानें तिच्या मागून चार पावलें चालून पाहावें. तिच्या धन्याशीं चार शब्द बोलावेत, आणि घरीं पोंचल्यावर टिपणांची वही कांहीं दिवस मिटून ठेवावी. ती पुन्हां उघडण्यापूर्वींच जें आपण होऊन आठवेल, तीच त्याची गोष्ट.